सवतीची मानसपूजा

१

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी माझ्या गळ्यात माझी सवत बांधली.

बांधली म्हणजे खरोखरच बांधली. काळ्या दोऱ्यात ओवलेला चांदीचा छोटा टाक आणि त्यावर ठोकून उठवलेली एक बाई. बाई तरी कसली, गोल डोकं, पदराची एक रेघ आणि दोन काड्यांसारखे हात. नाक नाही, डोळे नाहीत. ही जाईबाई, खुशालरावांची पहिली बायको. बिजवराच्या घरात गेलेल्या बाईनं पहिलीला असं गळ्यात वागवायचं, सणावाराला हळदकुंकू आधी तिला लावायचं, नवं लुगडं आधी तिला दाखवायचं आणि मग आपण नेसायचं, ही आमच्याकडची रीत. मी ती पाळली. पण मनातून मला तिचा राग यायचा. मेलेल्या बाईचा कसला राग, असं कुणी म्हणेल. त्यानं एकदा दुसरेपणावर जाऊन पाहावं.

हे सत्तावन्न सालचं. अकोल्याला जठारपेठेत आमच्या भाड्याच्या दोन खोल्या होत्या. खुशालराव हायस्कुलात भूमिती शिकवायचे. माणूस वाईट नव्हता. हात उगारला नाही, जेवणाला नावं ठेवली नाहीत. पण बोलायचेच नाहीत. शाळेतून आले की चहा घ्यायचे आणि ओसरीवर बसायचे. माझ्याकडे त्यांची नजर गेली तरी ती ठरायची नाही, पुढे कुठेतरी निघून जायची. मला त्या घरात फार काही नको होतं. त्या माणसानं एकदा मला नीट पाहावं, ही मनकर्णा, आपली बायको, असं म्हणून पाहावं, एवढंच हवं होतं.

२

अठ्ठावन्नच्या पावसाळ्यात अमरावतीहून एक बुवा आले आणि चातुर्मासभर प्रवचनाला बसले. विषय मानसपूजेचा. खुशालराव रोज जायचे. बुवांचं म्हणणं त्यांना पटलं याचं मला नवल वाटलं नाही, कारण ते त्यांच्या भूमितीसारखंच होतं. फळ्यावर खडूनं काढतो तो बिंदू खरा नसतो, खऱ्या बिंदूला लांबी नाही की रुंदी नाही, तो मनातच असतो, फळ्यावरचा फक्त पोरांना कळावं म्हणून. तशीच मूर्ती. ज्याला मनात देव बसवता येतो त्याला पितळेची गरज काय, असं ते मला समजावून सांगत होते. मी म्हटलं, मग आज स्वयंपाकही मनातच करते. ते हसले नाहीत. माझी थट्टा त्यांच्यापर्यंत पोचायचीच नाही.

देव त्यांनी एका धूतवस्त्रात बांधले आणि गावी धाकट्या भावाकडे, शेषरावांकडे पाठवायचे ठरवले. सासूबाईही तिकडेच राहायच्या, कौंडण्यपुराजवळच्या खेड्यात. बांधाबांध चाललेली असताना मी गळ्यातल्या टाकाला हात लावून विचारलं, आणि हिचं काय? त्यांनी गाठोड्याची गाठ आवळली. मग म्हणाले, नियम सगळ्यांना सारखाच, तिचीही पूजा मनातच करत जा.

मी तो दोरा इतक्या झटकन ओढला की मानेला काचून वळ उठला.

देव न्यायला सासूबाई स्वतः आल्या होत्या. टाक हातात घेऊन त्या बराच वेळ पाहत राहिल्या. मुलाला काही बोलल्या नाहीत, मला म्हणाल्या, "टाकात बसवली का बाई तितंच बसते. मनात बसवशीन, तं तिले बसाले जागा कोनती देशीन?"

म्हातारं माणूस, म्हणून मी ते कानाआड केलं. आज वाटतं, तेव्हाच त्यांच्या हातातून टाक परत घेतला असता तर. पण मला मान हलकी झाल्याचाच आनंद होता.

मानसपूजा कशी करायची ते खुशालरावांनी शिकवलं. डोळे मिटायचे. आपलंच स्वयंपाकघर मनात उभं करायचं, ते झाडायचं, सारवायचं, पाट मांडायचा, रांगोळी काढायची आणि मग बोलवायचं. पाय धुवायचे, लुगडं द्यायचं, हळदकुंकू लावायचं, ताट वाढायचं. मात्र काहीही मोघम ठेवायचं नाही. पाट म्हटला की तो कुठल्या लाकडाचा, कुठे चीर गेलेली, इथपर्यंत दिसला पाहिजे. मी विचारलं, आणि शेवटी पाठवणी कशी करायची? गौरी बसवतो त्या पाठवतो, गणपती आणतो तो बोळवतो. ते म्हणाले, मनातून आणलं ते मनातच ठेवायचं, पाठवणार कुठे? देव हृदयातच राहतो.

देवाच्या बाबतीत ते खरंच असेल. पण जाईबाई देव नव्हती, आणि हे आम्हा दोघांनाही सुचलं नाही.

३

पहिले काही दिवस काहीच जमेना. स्वयंपाकघर दिसायचं, पाट दिसायचा, पण पाटावर बसायची ती त्या टाकावरची बाई, बिननाकाडोळ्यांची. जाईबाईला मी कधी पाहिलं नव्हतं. घरात तिचा फोटोही नव्हता. कपाळ नाही तर कुंकू लावायचं कुठे?

म्हणून मी खुशालरावांना विचारलं, त्या दिसायला कशा होत्या?

लग्नाला वर्ष होऊन गेलं होतं आणि तिचं नाव त्यांच्या तोंडून मी ऐकलं नव्हतं. त्या संध्याकाळी त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाले, उंच होती. मग म्हणाले, उंच होती म्हणून दारातून वाकून यायची, वाकायची गरज नसली तरी. आणि मग जे बोलायला लागले ते कंदील लावायची वेळ झाली तरी बोलतच होते. नाक थोडं बसकं. डाव्या गालावर तीळ. हसताना पदर तोंडाशी न्यायची. भाकरी थापताना गुणगुणायची, पण कुणी आलं की गप्प. मी समोर बसून ऐकत होते. आपला नवरा इतकं बोलू शकतो हे मला त्या दिवशी कळलं.

खोटं कशाला बोलू, मला ते आवडलं. दुसऱ्या दिवशीही मी काहीतरी विचारलं. लुगड्याचा रंग कोणता आवडायचा? कढीगोळे कसे करायच्या? ते शाळेतून आले की सरळ आत येऊन माझ्याजवळ बसायचे. बोलणं सवतीचं होतं, पण बसणं माझ्याजवळ होतं. एवढ्यावर मी भागवून घेत होते. माझ्याबद्दल त्यांनी कधी काही विचारलं नाही, आणि मीही आपण होऊन कधी सांगितलं नाही, याचं आता फार वाईट वाटतं. तेव्हा तेही जमलं असतं कदाचित.

आणि रोज सकाळी, ते पुढच्या खोलीत रिकाम्या देव्हाऱ्यासमोर डोळे मिटून बसले की मी इकडे चुलीजवळ बसायची. पाटावरच्या बाईला एकेक अवयव येत गेला. तीळ आला, नाक आलं. दिवाळीपर्यंत ती पूर्ण झाली होती.

४

पौषातली एक सकाळ. डोळे मिटले आणि मी अजून झाडायलाही घेतलं नव्हतं तोच ती पाटावर बसलेली दिसली.

सवय झाली, मी स्वतःला सांगितलं. रोज तेच करणाऱ्याचं मन दोन पायऱ्या गाळून चढतं. त्यात काय.

थोड्या दिवसांनी पाट जागेवर नव्हता. मी तो नेहमी भिंतीशी मांडायची, तो चुलीपाशी सरकलेला होता. मी मनातच तो उचलून भिंतीशी ठेवला. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा चुलीपाशी, आणि तीही त्यावर माझ्याकडे पाठ करून बसलेली. मग एकदा चूल पेटलेली होती. मी मनातल्या त्या स्वयंपाकघरात चूल कधी पेटवली नव्हती. ताट मी वाढलेलंच आणायची.

आणि फुंकणीचा आवाज. फुंकणीतून हवा जाताना होतो तो लांब, घोगरा आवाज. तो मनात ऐकू आला की कानात, ते मला आजही सांगता येणार नाही. मी डोळे उघडले. माझी चूल थंड होती. फुंकणी कोपऱ्यात टेकवलेली, तशीच होती. उठून तिला हात लावला. तोंडाशी ओलसर लागली. थंडीत लोखंड ओलसर लागतंच, असं म्हणून मी ती पदरानं पुसली आणि कामाला लागले.

त्या दिवशी दुपारी शेजारच्या इंदूबाई विचारत होत्या की सकाळी गुणगुणत कोण होतं, तुमचा गळा गोड आहे हो. मी गुणगुणत नाही.

५

तिच्या उजव्या मनगटावर भाजल्याचा डाग होता. ताट पुढे करताना तिनं हात लांबवला तेव्हा दिसला. हो, ताट आता ती पुढे करायची. मी वाढलेलं ती बाजूला ठेवायची आणि आपलं करायची. मी पूजा करत होते की तिच्या घरी जाऊन बसत होते, हे कळायचं बंद झालं होतं.

डाग मी तिला दिलेला नव्हता. खुशालरावांनीही तो कधी सांगितला नव्हता. म्हणून संध्याकाळी सहज विचारलं, त्यांच्या मनगटाला भाजलं होतं का?

त्यांच्या हातातली बशी खाली आली.

"तुले कोनं सांगतलं?"

मी म्हटलं, कुणी नाही, दिसला. मग त्यांनी हळूहळू सांगितलं. शेवटच्या आठवड्यातली गोष्ट. तिला ताप होता, तरी शाळेची वेळ म्हणून चुलीपुढे बसली, चक्कर आली आणि हात तव्यावर पडला. पट्टी त्यांनीच बांधली. बाहेर कुणाला कळू दिलं नाही, कारण लोक म्हणाले असते, तापात बाईला राबवलं. एवढं बोलून ते उठून ओसरीवर गेले. त्या संध्याकाळी माझ्याजवळ बसले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मात्र शाळेतून आले आणि पायातल्या वहाणाही न काढता त्यांनी विचारलं, "आज कशी होती?"

तिथून ते उलटं झालं. आधी मी विचारायची आणि ते सांगायचे. आता ते विचारायचे आणि मी सांगायची. आज काय करून राहिली होती? हात दुखते म्हणे का? माह्याबद्दल काही बोलली? आणि विचारताना ते माझ्या डोळ्यांत पाहायचे. लग्नापासून ज्याची वाट पाहिली ते मला मिळालं होतं. नजर ठरत होती, हलत नव्हती. पण खिडकीतून पलीकडचं पाहणारा माणूस खिडकी पाहत नसतो.

मी बंद करायचं ठरवलं. एक दिवस म्हटलं, आज आल्या नाहीत. ते जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशीही जेवले नाहीत, शाळेतही गेले नाहीत. मग मी पुन्हा सांगायला लागले, पण आता डोळे न मिटताच, मनानंच रचून. आज त्या हिरवं लुगडं नेसल्या होत्या, असं एकदा ठोकून दिलं.

त्यांनी मान हलवली. अगदी सौम्यपणे म्हणाले, "नाई. निळं होतं."

६

पुढच्या कार्तिकात मी एकटीच एस.टी.नं गावी गेले. कौंडण्यपूरची जत्रा भरली होती, गाडीत पाय ठेवायला जागा नव्हती. घरी पोचले ती सासूबाईंच्या पुढ्यात बसून रडले. पहिल्यांदाच. म्हटलं, टाक द्या, मला तो परत गळ्यात बांधायचा आहे.

सासूबाई म्हणाल्या की टाक आता नाही. गेल्या वर्षीच्या जत्रेतच त्यांनी तो वर्धा नदीत सोडला होता. दुसरीनं गळ्यातून उतरवलेली पहिली कुणाच्या घरात ठेवायची? जावेच्या देव्हाऱ्यात तिचा काय संबंध? त्यांचं काही चुकलं नव्हतं. नदीत सोडणं हीच पाठवणी, असं त्यांना वाटलं होतं. पण चांदी गेली आणि बाई आमच्या घरी राहिली.

"नवा टाक घडव," त्या म्हणाल्या. "अन् तिले गोडीनं सांग, का माय, तुही जागा ही हाय. भांडू नको."

येताना अमरावतीला उतरले. सराफ्यातल्या सोनाराकडे ठसे तयारच होते. देवीचा हवा की माणसाचा, एवढंच त्यानं विचारलं. माणसाचा म्हटल्यावर त्यानं पत्रा ठशावर ठेवून ठोकला, आणि तीच बाई उठून आली. गोल डोकं, पदराची रेघ, दोन हात. नाक नाही, डोळे नाहीत. मला तिच्याकडे पाहून इतकं बरं वाटलं की दुकानातच डोळे भरून आले. ज्या बाईचा मी वर्षभर राग केला होता ती किती गरीब होती. गळ्यात बसली होती, कुणाचं काही घेत नव्हती.

७

दुसरा दिवस रविवारचा. ऊन घरात आलं होतं. खुशालराव आंघोळ करून रिकाम्या देव्हाऱ्यासमोर डोळे मिटून बसले होते. दोन खोल्यांमधलं दार मी मुद्दाम उघडं ठेवलं. विड्याच्या पानावर तांदूळ, तांदळावर टाक मांडला, हळदकुंकू लावलं आणि डोळे मिटले.

चूल पेटलेली होती. ती पाठमोरी बसून भाकरी थापत होती आणि गुणगुणत होती. घर माझं राहिलं नव्हतं हे मला लगेच कळलं. डबे दुसऱ्या क्रमानं लावलेले, दोरीवर निळं लुगडं वाळत घातलेलं. मी दारातच उभी होते. मी कधी दारात उभी राहत नसे.

मी म्हटलं, "बाई, तुमच्यासाठी जागा केली हाय. या."

गुणगुणणं थांबलं. कुणी आलं की ती गप्प व्हायची, ते मला माहीत होतं. पण ती वळली नाही. वळलं ते दुसरंच कुणीतरी. चुलीच्या पलीकडे, धुरात, भिंतीशी पाट मांडलेला होता. तिथे मी तिला बसवायची. त्या पाटावर खुशालराव ताट पुढे घेऊन बसले होते. मी त्यांना तिथे कधीच बसवलं नव्हतं. अंगावर नवा सदरा होता, केस काळेभोर होते. त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. नीट पाहिलं. भलत्या वेळी आलेल्या पाहुण्याकडे पाहतात तसं, थोडं ओशाळून, आता ही जाईल ना, अशा नजरेनं.

मी डोळे उघडले. पानावर टाक होता. दारातून पुढची खोली दिसत होती. खुशालराव देव्हाऱ्यासमोर बसलेले, डोळे मिटलेले, आणि त्यांचा उजवा हात पुढ्यातल्या रिकाम्या फरशीवरून तोंडाकडे जात होता. पुन्हा फरशीवर, पुन्हा तोंडाकडे. ते सावकाश चावत होते.

मी त्यांना हाक मारली. मग हलवलं. त्यांनी डोळे उघडले, पण डोळ्यांत कुणी आलं नाही.

८

याला आता पाच वर्षं होत आली. डॉक्टर झाले, अमरावतीचा वैद्य झाला, बुवांनाही बोलावून आणलं. बुवा बराच वेळ त्यांच्यासमोर बसले आणि म्हणाले की अशी समाधी भाग्यवंताला लागते. मी त्यांना चहा दिला आणि दार दाखवलं.

त्यांची शाळेतली नोकरी सुटली. मी शिलाईचं काम घेते. लोक म्हणतात, मास्तर शांत झाले, घरात भांडण नाही, तंटा नाही. खरं आहे. मी सकाळी त्यांना आंघोळ घालते, अंग पुसते, धुतलेला सदरा घालते, कपाळाला गंध लावते. ओसरीवर नेऊन बसवलं की बसतात, उचललं की उठतात. दुपारी आणि संध्याकाळी ताट पुढे ठेवते. कधी माझ्या हातून खातात, कधी ताट तसंच राहतं आणि तरी त्यांचं पोट भरलेलं असतं.

डोळे मिटून मी तिकडे गेले असते तर कदाचित त्यांना घेऊन आले असते. पहिले काही महिने रोज असं वाटायचं. पण मी डोळे मिटत नाही. भीती तिची नाही. ती मला काही बोलली नाही, तिनं मला हाकललंही नाही. त्यांनी ज्या नजरेनं पाहिलं ती नजर पुन्हा झेलायची माझ्यात ताकद नाही. देवळात गेले तरी मी उघड्या डोळ्यांनीच हात जोडते.

काल वरणात मीठ टाकायचं राहिलं. घास त्यांच्या तोंडात गेल्यावर माझ्या ध्यानात आलं आणि मी वाटी मागे घ्यायला गेले. त्यांनी घास गिळला. मग चेहरा उजळला, आणि पाच वर्षांत पहिल्यांदा ते बोलले. आवाज चांगला खणखणीत होता, नवरा बायकोशी बोलतो तसा.

"आज वरन मस्त झालं वो," ते म्हणाले. "अन् थे दारात कोन उभी होती? आता येत नाई काय?"

मी वाटी खाली ठेवली. ते कुणाचं तरी उत्तर ऐकत होते. मग त्यांनी समजल्यासारखी मान हलवली आणि पुढच्या घासासाठी तोंड उघडलं, आणि मी तो भरवला.